किडनी द्यायला आलेली लेक

ती पहिल्यांदा माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या हातातली फाइल तिची नव्हती, वडिलांची होती. वडील ६१ वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त, राहणार चेंदणी कोळीवाडा. तीन वर्षं डायलिसिसवर. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी. ही थोरली लेक, वय ३४, सासर कळव्याला, नोकरी फोर्टातल्या एका ऑफिसात, अकाउंट्स विभागात. "माझा ओ पॉझिटिव्ह आहे डॉक्टर, बाबांचा पण ओ. ऑफिसात रजेचं बोलून ठेवलंय. माझी घ्या." शेजारी बसलेले वडील (मी त्यांना काका म्हणतो) फरशीकडे बघत होते. लेकीची किडनी घ्यायची म्हणून ओशाळलेत, असं मला वाटलं. ते ओशाळलेले नव्हते, घाबरलेले होते, हे दोन दिवसांनी कळलं.

(नाव घेत नाही. तिच्या परवानगीने लिहितोय, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत.)

काकांचा आजार पॉलिसिस्टिक किडनीचा. आपल्याकडे लोक 'किडनीला पाण्याचे फोड आलेत' म्हणतात, आणि ते वर्णन वाईट नाही. हा आजार आईवडिलांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी. म्हणून अशा घरातला दाता समोर आला की मी क्रॉसमॅच वगैरे महागड्या तपासण्यांच्या आधी साधी सोनोग्राफी करून घेतो. त्या दिवशी तासाभरात सोनोग्राफीवाल्या सहकाऱ्याचा फोन आला. "मोजत बसू का, की 'असंख्य' लिहू?"

घरात आजार आहे आणि वय १५ ते ३९ आहे, तर दोन्ही किडन्यांत मिळून तीन गाठी, म्हणजे तेच पाण्याचे फोड, दिसल्या तरी निदान पक्कं. तिच्या गाठी मोजण्यापलीकडे होत्या.

दोन गोष्टी इथेच कबूल करून टाकतो. पहिली, आठ वर्षांपूर्वी ती गरोदर असताना कुठल्याशा सेंटरमध्ये केलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात शेवटच्या ओळीत 'दोन्ही किडन्यांत काही साध्या गाठी' असं लिहिलेलं होतं. तो कागद तिने नंतर घरातून शोधून आणला. 'घरात कोणाला किडनीचा त्रास आहे का' हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. दुसरी गोष्ट माझी. तीन वर्षं मी तिच्या वडिलांना दर महिन्याला बघत होतो. 'मुलांची तपासणी करून घ्या' असं मी सांगितल्याची नोंद फाइलमध्ये आहे. एकदाच आहे. डायलिसिसच्या गडबडीत पुन्हा विचारायचं राहून गेलं.

काका दोन दिवसांनी एकटेच आले. "माझ्याकडूनच गेलं ना तिच्यात?" त्यांची आई पन्नाशीच्या आत गेली होती, 'डोक्यातली नस फुटून'. हेही मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा येणं हा याच आजाराचा भाग असू शकतो, आणि घरात असं कोणाला झालं असेल तर जोखीम आणखी वाढते. म्हणून बापलेकीच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय केला. दोघांचाही स्वच्छ आला. या प्रकरणात मनासारखा आलेला तो पहिला रिपोर्ट.

काकांचं पुढे काय झालं ते एका वाक्यात सांगतो: त्यांना किडनी काकूंनी, म्हणजे तिच्या आईने दिली, अजून छान चालली आहे. हे प्रकरण लेकीचं आहे.

तिचे आकडे असे. बीपी १४४/९२, आणि ते तिला माहीतच नव्हतं. क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा) १.१, म्हणजे लॅबच्या कागदावर जेमतेम नॉर्मल. पण ३४ वर्षांच्या बाईत या आकड्याचा अर्थ किडनीचं गाळण्याचं काम साधारण ६८ मिलिलिटर मिनिटाला, जे शंभराच्या आसपास असायला हवं. एमआरआयमध्ये उजवी किडनी १७ सेंटिमीटर लांब, ८ रुंद, ८.२ जाड; डावी १७.८, ८.४, ८.४. तिन्ही मापांचा गुणाकार करून ०.५२ ने गुणलं की आकारमान निघतं. दोन्ही मिळून जवळजवळ १,२४० मिलिलिटर. तिच्या वयाच्या बाईत हे ३०० च्या आसपास असतं. उंची १५८ सेंटिमीटर. उंचीने भागलं तर मीटरमागे ७८५. मेयो क्लिनिकने या आकड्यावर आणि वयावर बेतलेली एक वर्गवारी आहे, '१ ए' पासून '१ ई' पर्यंत. ती '१ डी' मध्ये बसली. म्हणजे किडन्या वर्षाला साधारण पाच टक्के फुगतायत. चक्रवाढीने पाच टक्के म्हणजे १४ वर्षांत दुप्पट. अकाउंट्सची बाई; हे गणित तिने माझ्याआधी केलं.

मग तिने जो प्रश्न विचारला त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. "बाबांना मधुमेह नाही, मला नाही. जंतू नाही, कॅन्सर नाही. मग माझ्या किडनीत नेमकं काय बिघडलंय?"

मी म्हटलं, निरोप बिघडलाय.

किडनीच्या नळ्यांमधल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला आत, प्रवाहात डोकावणारा एक केस असतो. सिलियम म्हणतात त्याला. नळीतून द्रव वाहतो तसा तो वाकतो. त्याच्यावर पॉलिसिस्टिन नावाची दोन प्रथिनं जोडीनं बसलेली असतात. पहिलं बनवणारा जनुक सोळाव्या गुणसूत्रावर, तो १९९४ मध्ये सापडला. दुसऱ्याचा चौथ्या गुणसूत्रावर, १९९६ मध्ये. ही जोडी पेशीतलं कॅल्शियम योग्य पातळीवर राखायला मदत करते. जोडी अधू झाली की पेशीत कॅल्शियम कमी पडतं.

सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि मोटर बंद होते. फ्लोट तुटला तर? टाकी भरून वाहतेय तरी मोटर चालूच. पेशीत फ्लोटचं काम कॅल्शियम करतं, आणि मोटर म्हणजे अ‍ॅडेनिलिल सायक्लेज नावाचं एन्झाइम. (शाळेच्या पुस्तकात 'विकर' म्हणतात, बोलताना तो शब्द वापरलेला मी तरी कोणी ऐकला नाही.) या एन्झाइमचं काम एकच: सायक्लिक एएमपी नावाचा छोटासा रेणू तयार करणं. पेशीच्या दारावर बाहेरून निरोप आला की आत तो पोचवणारा हा निरोप्या. अर्ल सदरलंड यांनी तो शोधला आणि १९७१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या एन्झाइमचे नऊ-दहा प्रकार आहेत. किडनीच्या या भागात मुख्य आहे तो सहा नंबरचा, आणि त्याला कॅल्शियमचा लगाम असतो. कॅल्शियम घटलं की लगाम सुटला, मोटर जोरात. बरं, टाकीला खाली निचऱ्याचा नळही असतो: फॉस्फोडायएस्टरेज, म्हणजे सायक्लिक एएमपी मोडून टाकणारी एन्झाइमं. त्यातलं एक महत्त्वाचं असं आहे की त्याला चालायला कॅल्शियमच लागतं. म्हणजे एकाच बिघाडाने मोटर चालू राहते आणि निचराही तुंबतो. टाकी वाहणार नाही तर काय होईल!

पण नुसता निरोप वाढल्याने गाठी का व्हाव्यात? इथे या आजाराची खरी मेख आहे. सायक्लिक एएमपी पुढे प्रोटीन कायनेज ए या एन्झाइमला जागं करतं. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारणारं एन्झाइम. शिक्का बसला की ते प्रथिन चालू किंवा बंद होतं. निरोगी किडनीच्या पेशीत या शिक्क्याचा अर्थ 'वाढ थांबव' असा असतो. पॉलिसिस्टिक पेशीत तोच शिक्का, तेच एन्झाइम, आणि अर्थ उलटा: 'वाढत राहा'. मधल्या बी-रॅफ नावाच्या कायनेजवरचा पहारा कॅल्शियमच्या टंचाईत उठतो, आणि निरोप त्याच्यामार्गे थेट पेशीविभाजनाच्या साखळीत शिरतो. कॅन्सस विद्यापीठातल्या संशोधकांनी हे फार सुंदर रीतीने दाखवलं. त्यांनी निरोगी माणसांच्या किडनीच्या पेशी घेतल्या, कॅल्शियमची आवक रोखणारं औषध घालून त्यांना कॅल्शियमला मोताद केलं, आणि त्या भल्या पेशीही सायक्लिक एएमपी दिल्यावर वाढायला लागल्या. पुढे उलटंही करून बघितलं: रुग्णाच्या पेशींत कॅल्शियम वाढवलं, तर त्या पुन्हा शहाण्यासारख्या वागू लागल्या. जनुक तोच सदोष, तरीही. मला विचाराल तर या आजारातला हा सर्वांत आशादायक प्रयोग आहे, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

प्रोटीन कायनेज ए आणखी एक उद्योग करतं. पेशीच्या भिंतीतलं क्लोराइडचं दार उघडतं, क्लोराइड गाठीत जातं, मागोमाग सोडियम आणि पाणी. भिंत वाढतेय आणि आत पाणीही भरतंय, म्हणजे फुगा मोठा होतोय आणि कोणीतरी फुंकतही आहे.

"मग ते एन्झाइमच बंद करा ना," ती म्हणाली. अगदी सरळ प्रश्न. अडचण अशी की अ‍ॅडेनिलिल सायक्लेज आणि प्रोटीन कायनेज ए हृदयात आहेत, मेंदूत आहेत, चरबीत, यकृतात, सगळीकडे आहेत. एका घरातला नळ गळतो म्हणून आख्ख्या ठाण्याचं पाणी तोडायचं नसतं. वाढीच्या साखळीतल्या दुसऱ्या एका कायनेजवर, एमटॉरवर, हा प्रयोग झालेला आहे. एव्हरोलिमस आणि सिरोलिमस ही त्याला रोखणारी औषधं. प्राण्यांमध्ये निकाल झकास होते. २०१० मध्ये माणसांवरच्या दोन चाचण्यांचे निकाल एकदमच आले: एकीत किडनीचं फुगणं थोडं मंदावलं पण काम सुधारलं नाही, दुसरीत काहीच फरक नाही. तेव्हा आमच्या क्षेत्रात जी निराशा पसरली ती मला चांगली आठवते.

मग वाट दुसरीकडून निघाली. मोटरचं बटण कोण दाबतं? मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक. आपल्याला तहान लागते, शरीरात पाणी कमी पडतं, तेव्हा ते किडनीला सांगतं की पाणी वाचव, लघवी घट्ट कर. त्यासाठी ते व्ही-टू नावाच्या दारावर थाप मारतं, आणि हे दार प्रामुख्याने किडनीच्या शेवटच्या नळ्यांतच असतं. जिथे गाठी जास्त येतात, नेमकं तिथेच. २००८ साली एक प्रयोग छापून आला: गाठींचा जनुकदोष असलेल्या उंदरांचा संकर व्हॅसोप्रेसिनच तयार न होणाऱ्या उंदरांशी केला. व्हॅसोप्रेसिन नसलेल्या पिल्लांच्या किडन्यांत गाठी जवळपास आल्याच नाहीत. त्यांना बाहेरून व्हॅसोप्रेसिनसारखं औषध दिलं, आणि गाठी हजर.

टोल्व्हॅप्टन ही गोळी व्ही-टूचं दार अडवते. २०१२ मध्ये १,४४५ रुग्णांच्या तीन वर्षांच्या चाचणीत, गोळी न घेणाऱ्यांच्या किडन्या वर्षाला ५.५ टक्के फुगल्या, घेणाऱ्यांच्या २.८ टक्के. २०१७ मध्ये, आजार पुढे गेलेल्यांमध्येही किडनीचं काम घसरण्याचा वेग कमी झाल्याचं दिसलं. हे बरं होणं नव्हे. किडनी जी पंचावन्नाव्या वर्षी जाणार होती ती काही वर्षं उशिरा जाईल, एवढाच सौदा. मी तिला हेच शब्द वापरून सांगितलं. तिचा नवरा म्हणाला, "काही वर्षं म्हणजे पोरगी कॉलेजात जाईपर्यंत की तिचं लग्न होईपर्यंत?" मला उत्तर देता आलं नाही.

सौद्याची किंमत पैशांत तर आहेच, पण त्याहून जास्त पाण्यात आहे. 'पाणी वाचव' हा निरोपच किडनीला पोचत नाही, म्हणून लघवी दिवसाला पाच-सहा लिटर. जेवढी जाते तेवढं प्यावं लागतं. यकृताच्या तपासण्या पहिले अठरा महिने दर महिन्याला. गोळी चालू असताना गरोदर राहायचं नाही. त्याबद्दल नवराबायकोंनी बाहेर व्हरांड्यात जाऊन दहा मिनिटं बोलून घेतलं आणि 'एक पुरे' म्हणून आत आले.

बीपीसाठी टेल्मिसार्टन आधीच सुरू केलं होतं. मार्चमध्ये, होळी झाल्यावर, टोल्व्हॅप्टन सुरू केलं: सकाळी ४५ मिलिग्रॅम, म्हणजे तीसची एक आणि पंधराची एक, आणि आठ तासांनी १५.

आता लोकलबद्दल.

कळव्याहून स्लो पकडून ठाणे, ठाण्याहून फास्ट, सीएसएमटीपर्यंत. दाराशी उभं राहायला जागा मिळाली तर नशीब. देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ती १८५३ मध्ये. त्याच वाटेवरच्या आजच्या लोकलमध्ये तासाभराच्या प्रवासात शौचालय नाही, आणि पावणेदोनशे वर्षं हे कोणाला फारसं खटकलेलं दिसत नाही. मलाही खटकलं नव्हतं. मी गोळीच्या वेळा लिहून दिल्या, पाण्याचं माप लिहून दिलं, आणि 'येता-जाता काय करणार' हे विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ती घाटकोपरला रडत उतरली होती, हे तिने मला महिन्याने सांगितलं.

त्यानंतर तिने जे केलं ते कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात नाही. एका वहीत ठाण्यापासून सीएसएमटीपर्यंतची स्टेशनं लिहून काढली: बायकांचं शौचालय कोणत्या फलाटावर, कुठल्या डब्यापासून जवळ, सकाळी उघडं असतं का, सुटे पैसे लागतात का. फास्ट सोडून स्लो धरली, मधे दोनदा उतरायचं ठरवलं, घरून चाळीस मिनिटं लवकर निघायला लागली. ती वही आता माझ्या ओपीडीतल्या आणखी दोन बायकांनी उतरवून घेतली आहे. गोळी सकाळी उठल्या उठल्या घेण्याऐवजी घरातून निघताना घ्यायची असं ठरवलं, कारण तिचा जोर चढायला दोन-चार तास लागतात. तेवढ्यात ऑफिस गाठता येतं. संध्याकाळच्या प्रवासाला मात्र तोड निघाली नाही. शेवटी तिने ठाण्याच्या शाखेत बदली मागितली आणि साहेबांनी डॉक्टरांचं पत्र मागितलं. त्या पत्रात काय लिहावं याचा मी बराच विचार केला. आजाराचं नाव लिहिलं तर नोकरीवर टाच यायची, नाही लिहिलं तर पत्राला वजन नाही. 'चालू औषधोपचारामुळे रुग्णास दर तासाला स्वच्छतागृहाची आवश्यकता असते. कामाच्या क्षमतेवर याचा कोणताही परिणाम नाही' असं लिहिलं. बदली आठ महिन्यांनी झाली.

तोवर माहेरच्या घरात काय चाललं होतं तेही सांगतो, कारण ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. काकांची किडनी बदलायची अजून बाकी होती. डायलिसिसवाल्याला दिवसभरात लिटरभर पाणी, त्यातच चहा, त्यातच आमटी. ती शनिवार-रविवारी खाडी ओलांडून माहेरी यायची. एकाच टेबलावर दोन बाटल्या: काकांची अर्ध्या लिटरची, पेनाने खुणा केलेली, आणि तिची दोन लिटरची, तिसऱ्यांदा भरलेली. काका बाटलीकडे बघायचे नाहीत. ती स्वयंपाकघरात जाऊन प्यायची.

सप्टेंबरात माझी चूक पुढे आली. उलट्या-जुलाब झाले, ताप आला, पाणी पोटात ठरत नसेल तर गोळी घ्यायची नाही, हा नियम मी तिला पहिल्या दिवशी सांगितला होता, लिहूनही दिला होता. उपवासाचं बोललो नव्हतो. हरितालिकेला ती निर्जळी करते, लग्न झाल्यापासून. सकाळी नेमाने गोळी घेतली, कारण 'गोळी चुकवायची नाही' हेही मीच बजावलेलं, आणि पाणी बंद. दुपारी चारला नवऱ्याने आणली तेव्हा जीभ कोरडी, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, रक्तातलं सोडियम १५१. आधी हळूहळू पाणी प्यायला दिलं, मग सलाइनमधून. सोडियम घाईने उतरवलं तर मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून रात्रभर दर चार तासांनी तपासलं. सकाळी १४४. बाजूच्या खाटेवरच्या आजी तिला म्हणाल्या, "पुढल्या वर्षी फळं खाऊन कर गं, पार्वतीला चालतं." माझ्या छापील सूचनांत आता निर्जळी उपवास, रोजे आणि लांबचा प्रवास या तीन ओळी वाढल्या आहेत.

त्या वेळी चोवीस तासांची लघवी तपासली, ती आधीच तपासायला हवी होती. ६.१ लिटर, आणि तिच्यातून दिवसाला ११ ग्रॅम मीठ जात होतं. कोळीवाड्याचं माहेर, सुकट, सुके बोंबील, वर खारं लोणचं. ही गोळी घेतल्यावर लघवी पातळ होते, पण किती होईल ते तुम्ही किती मीठ आणि प्रथिनं खाता यावर ठरतं, कारण तेवढा ऐवज बाहेर टाकायला तेवढं पाणी लागतंच. मीठ निम्म्यावर आणलं तर लघवी लिटरभर तरी घटेल, असा माझा हिशोब होता. आई-लेकींनी सुकट धुवून, भिजवून, पाणी टाकून करायला सुरुवात केली, लोणचं सणापुरतं. दोन महिन्यांनी मीठ ६ ग्रॅमवर, लघवी ४.८ लिटरवर. बीपीही आठ पॉइंटांनी उतरलं. लोकलच्या दोन उतरण्यांपैकी एक कमी झाली, हे तिच्या दृष्टीने त्याहून मोठं.

मैत्रिणींचा सल्ला होताच: 'नुसतं भरपूर पाणी पी, व्हॅसोप्रेसिन आपोआप कमी होतं, गोळी कशाला?' युक्तिवाद चुकीचा नाही. पण ऑस्ट्रेलियात तीन वर्षं रुग्णांना मुद्दाम जास्त पाणी पाजून बघितलं, किडन्यांच्या वाढीत फरक पडला नाही. चहा-कॉफीबद्दलही विचारतात, कारण कॅफीन फॉस्फोडायएस्टरेजला, म्हणजे त्या निचऱ्याच्या नळाला, अडवतं. परीक्षानळीत हे खरं आहे. कॉफी पिणाऱ्या रुग्णांच्या किडन्या जास्त वेगाने वाढतात असं मात्र पाहण्यांत आढळलेलं नाही. तिचे दोन कप मी काढून घेतले नाहीत.

डिसेंबरात यकृताचा रिपोर्ट बिघडला. एसजीपीटी ९२, लॅबची मर्यादा ४०. इथे घरच्यांचा गोंधळ उडाला, कारण नवरा म्हणाला, "म्हणजे तेच एन्झाइम वाढलं का, किडनीवालं?" नाही. किडनीतलं एन्झाइम पेशीच्या आत बसून जास्त काम करतंय, ते कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाही. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीतलं एन्झाइम. पेशीला इजा झाली की रक्तात सांडतं, आणि आपण मोजतो तो हा सांडलेला माल. एक कारण आहे, दुसरा पुरावा. दोन्हीला शब्द एकच, म्हणून लोक फसतात, आणि आम्ही डॉक्टर समजावायच्या भानगडीत पडत नाही.

दुपटीच्या वर गेलं की गोळी त्याच दिवशी बंद करायची. केली. दोन दिवसांनी ८८, बिलिरुबिन नॉर्मल, कावीळ नाही. मग घरात आणखी काय काय घेतलं जातं याची चौकशी. थंडीत प्रतिकारशक्तीसाठी म्हणून ती महिनाभर गुळवेलीच्या गोळ्या घेत होती. कोविडच्या काळात मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते, त्यावरून वादही झाला होता. तिच्या बाबतीत दोषी गुळवेल की टोल्व्हॅप्टन, हे छातीठोकपणे सांगायला वाव नाही. टोल्व्हॅप्टनच्या मोठ्या चाचण्यांतही शंभरातल्या पाच-सहा जणांत हे एन्झाइम तिपटीच्या वर गेलं होतं. दोन्ही बंद केलं. चार आठवड्यांनी एसजीपीटी ३१. गुळवेल कायमची बंद. टोल्व्हॅप्टन पुन्हा त्याच लहान मात्रेवर सुरू, पहिले दोन महिने दर आठवड्याला तपासणी. तिच्या हाताच्या शिरा आता माझ्या लॅबवाल्याला पाठ आहेत. पुन्हा वाढलं नाही. मात्रा पुढे ६० आणि ३० पर्यंत नेली.

दोन वर्षांनी एमआरआय. दोन्ही किडन्या मिळून १,३१० मिलिलिटर. पाच टक्क्यांच्या चालीने १,३७० च्या जवळ असायला हव्या होत्या. क्रिएटिनिन १.२, गोळी सुरू केल्यावर पहिल्याच महिन्यात ते तितकं झालं होतं, आणि ही अपेक्षित वाढ असते. त्यानंतर हललेलं नाही. बीपी ११८/७४. एका रुग्णावरून औषधाची महती गाऊ नये, आणि एमआरआयच्या मापात पाच टक्क्यांची चूक कुठेही होऊ शकते. तरी कागद हातात घेताना मला बरं वाटलं हे लपवत नाही.

तिची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. पहिल्या भेटीपासून आईचा एकच धोशा: "हिची सोनोग्राफी करू या ना, कळून तरी जाईल." मी नाही म्हणत आलोय. नऊ वर्षांच्या पोरीला आज देण्यासारखं औषध नाही. निदान मात्र तिच्या विम्यात, तिच्या लग्नाच्या बोलण्यांत, तिच्या स्वतःच्या डोक्यात आधीच जाऊन बसेल. हा निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा, असं माझं मत. सगळे सहकारी याच्याशी सहमत नाहीत. बीपी मात्र वर्षाला एकदा बघायचं, लहान पट्ट्याने, कारण या आजारात ते मुलांतही वाढू शकतं आणि त्यावर उपाय आहे.

मागच्या भेटीत ती मुलीला घेऊन आली. शाळेचा गणवेश, हातात आईची मोठी बाटली. पट्टा बांधला, ती हसली, गुदगुल्या होतात म्हणाली. ९६/६०. आईने फाइलच्या शेवटच्या पानावर तारीख टाकून आकडा लिहिला, आणि खाली मुलीच्या अठराव्या वाढदिवसाचं साल.